मंदसौरचा तह आणि राष्ट्राची वाचा

वर्तमानपत्रातील परराष्ट्रीय घडामोडींचे पान आपण सारेच वाचतो. निदान चाळतो तरी. सार्वभौम राष्ट्र, तह, राजदूत, सत्तासमतोल, सुरक्षा परिषद, नकाराधिकार हे शब्द त्या पानावर नित्य भेटतात. वारंवार भेटणाऱ्या माणसाची जशी तोंडओळख होते आणि तेवढ्यावरच आपण संतुष्ट राहतो, तसेच या शब्दांचे होते. विद्यार्थ्यांना इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवताना मला नेहमी असे आढळते की, सार्वभौमत्वाची व्याख्या मुले बिनचूक म्हणून दाखवतात. पण ‘सार्वभौमत्व गेले म्हणजे नेमके काय गेले?’ असे विचारले की वर्ग गप्प होतो. मोठ्या माणसांची गत फारशी वेगळी नसते. हे सारे शब्द दूरच्या राजधान्यांतले, त्यांचा आपल्या गावाशी काय संबंध, अशी आपली समजूत असते.

इंदूरकरांना तरी ही समजूत शोभत नाही. कारण या शब्दांपैकी जवळजवळ प्रत्येकाचा अर्थ आपल्या माळव्याच्या भूमीवर दोन शतकांपूर्वी प्रत्यक्ष घडून गेलेला आहे. त्या इतिहासाच्या आधाराने आज या कल्पनांची थोडी उकल करावी, असा माझा विचार आहे.

प्रथम राष्ट्र, किंवा अधिक काटेकोरपणे बोलायचे तर राज्यसंस्था, कशाला म्हणावे ते पाहू. 26 डिसेंबर 1933 रोजी दक्षिण अमेरिकेतील माँटेव्हिडिओ या शहरी एक करार झाला. त्यात राज्याची चार लक्षणे सांगितली आहेत: कायमची वस्ती असलेले लोक, निश्चित भूभाग, शासन, आणि इतर राज्यांशी संबंध जोडण्याची क्षमता. पहिली तीन लक्षणे कोणालाही सहज सुचतील. चौथ्याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. आणि राज्याचा प्राण बहुधा त्या चौथ्यातच असतो.

आता ही चार लक्षणे होळकरांच्या राज्याला लावून पाहा. सुमारे साडेनऊ हजार चौरस मैलांचा मुलूख होता. लोक होते. दिवाण, कारभारी, न्यायालये, फौज, सर्व काही होते. इंदूरच्या टांकसाळीतून नाणी पडत होती, राज्याची स्वतःची टपालतिकिटे होती आणि महाराजांना एकोणीस तोफांची सलामी होती. परक्या प्रवाशाने राजवाड्यासमोर उभे राहून पाहिले असते, तर हे एक संपूर्ण राज्य आहे, असेच तो म्हणाला असता. तथापि चौथे लक्षण 6 जानेवारी 1818 रोजी मंदसौर येथे एका कागदावर सही करून देऊन टाकलेले होते.

त्या सहीची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. यशवंतराव होळकर 1811 साली भानपुऱ्यास निवर्तले. गादीवर आलेले मल्हारराव अल्पवयीन, दरबारात दुफळी, लष्कराचा पगार थकलेला. कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंचा महिदपूरच्या छावणीत स्वपक्षाच्याच लोकांनी वध केला, आणि दुसऱ्याच दिवशी, म्हणजे 21 डिसेंबर 1817 रोजी, क्षिप्रेच्या काठी इंग्रजांशी लढाई होऊन होळकरांचा पराभव झाला. त्यानंतर सोळाव्या दिवशी तह झाला. कंपनीच्या बाजूने सर जॉन माल्कम होते, तर होळकरांच्या बाजूने तात्या जोग.

या तहाने होळकरांचा मोठा मुलूख गेला. सातपुड्याच्या दक्षिणेकडील प्रदेश खानदेशासह कंपनीकडे आला; राजपूत संस्थानांवरील खंडणीचे हक्क सुटले; अमीरखान आणि गफूरखान यांच्याकडील प्रदेश वेगळे निघून टोंक आणि जावरा ही संस्थाने कायम झाली. इतिहासाची पुस्तके बहुधा या मुलखाचीच मोजदाद करतात. पण माझ्या मते सर्वांत मोठी हानी दुसऱ्याच कलमात होती. इंग्रज रेसिडेंटाला कळवल्यावाचून आणि त्याची संमती घेतल्यावाचून महाराजांनी इतर कोणत्याही राज्याकडे वकील पाठवू नये, कोणाचा वकील ठेवून घेऊ नये आणि कोणाशी पत्रव्यवहार करू नये, असे ते कलम होते. गेलेला मुलूख पुढेमागे परत मिळू शकतो. पण ज्याला शेजाऱ्याला साधा खलिता पाठवता येत नाही, तो मुलूख परत मिळवण्यासाठी बोलणार कोणाशी?

याच तहात कंपनीने एक आश्वासनही दिले होते. महाराजांची मुले, नातलग, आश्रित, प्रजा आणि नोकर यांच्याशी कंपनीला काहीही कर्तव्य नाही; त्यांच्यावर महाराजांचा अधिकार अनिर्बंध राहील, असे ते आश्वासन. म्हणजे बाहेरचा कारभार आमचा, घरातला तुमचा. वरवर पाहता हा व्यवहार वाईट दिसत नाही. बाहेरची कटकट गेली, आता सुखाने राज्य करावे, असे कित्येकांना तेव्हा वाटलेही असेल. या आश्वासनाचे पुढे काय झाले, ते आता पाहू.

तहानंतर भानपुरा सोडून राजधानी इंदुरास आली आणि तिच्यापाठोपाठ रेसिडेन्सीही आली. रेसिडेन्सीची ती कोठी अद्याप उभी आहे. रेसिडेंट हा दरबारात राहणारा परराज्याचा प्रतिनिधी; तेव्हा तो राजदूतच नव्हे काय, असे कोणी विचारील. दोघांतील भेद समजून घेण्यासारखा आहे. राजदूत आपल्या राज्याचे म्हणणे यजमान राज्याला कळवतो, तेथील हालचाल आपल्या राज्याला कळवतो आणि उभयतांत सलोखा राखतो. त्याच्या अंगाला हात लावता येत नाही, त्याच्या कचेरीत यजमानाच्या पोलिसांना परवानगीवाचून शिरता येत नाही. ही संरक्षणे 18 एप्रिल 1961 च्या व्हिएन्ना करारात एकत्र नोंदवलेली आहेत. पण त्याच कराराच्या नवव्या कलमाने यजमानालाही एक हक्क दिला आहे. कोणताही राजदूत आम्हांस मान्य नाही, असे यजमान राज्य कोणत्याही वेळी, कारण न देता सांगू शकते आणि मग त्याला परत जावेच लागते. शिवाय हा व्यवहार परस्परांचा असतो. त्यांचा दूत आपल्याकडे, आपला त्यांच्याकडे.

होळकरांना रेसिडेंट परत पाठवण्याचा हक्क नव्हता. उलट 1903 मध्ये शिवाजीराव महाराजांना आणि 1926 मध्ये त्यांचे पुत्र तुकोजीराव यांना गादी सोडावी लागली. दुसरे प्रकरण मुंबईतील बावला खुनाच्या खटल्यातून उद्भवले. चौकशी समितीला सामोरे जा किंवा गादी सोडा, असे दोनच मार्ग महाराजांपुढे ठेवण्यात आले आणि त्यांनी गादी सोडली. त्या राजांच्या वर्तनाचे समर्थन करण्याचा माझा हेतू नाही. मुद्दा एवढाच की, ज्या घरातील कारभारात आम्ही लक्ष घालणार नाही, असे वचन 1818 साली दिले गेले होते, त्या घराचा धनी कोण असावा, हे शतकभरात बाहेरचे लोक ठरवू लागले. याच 1926 च्या मार्चमध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी वऱ्हाडच्या प्रश्नावर निजामाला एक पत्र लिहिले. ब्रिटिश राजसत्ता हिंदुस्थानात सर्वश्रेष्ठ असून, कोणाही संस्थानिकाला तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करण्याचा हक्क सांगता येणार नाही, असे त्यात स्पष्ट बजावले होते. बाहेर बोलण्याचा अधिकार गेला की आतला अधिकार फार दिवस टिकत नाही, हा धडा इंदूर आणि हैदराबाद या दोघांनाही एकाच वर्षी मिळाला.

याच्या अगदी उलट असे एक उदाहरण आहे. मी ख्रिस्ती, कॅथलिक संप्रदायाचा असल्यामुळे ते मला विशेष परिचयाचे आहे. इटलीच्या एकीकरणात 1870 साली पोपमहाशयांच्या हातून रोम शहर गेले आणि त्यांची राज्यसत्ता संपली. पुढे 1929 साली लॅटेरन करार होऊन व्हॅटिकन हे चिमुकले राज्य निर्माण होईपर्यंत, म्हणजे एकोणसाठ वर्षे, पोपपीठाच्या सत्तेखाली राज्य म्हणावे असा भूभाग नव्हता. तरीदेखील त्या काळात अनेक राष्ट्रांचे दूत त्यांच्याकडे राहत होते आणि त्यांचे दूत इतरत्र जात होते. आज व्हॅटिकनचे क्षेत्रफळ अवघे 44 हेक्टर आहे. आपल्याकडच्या एखाद्या लहान खेड्याच्या शिवारापेक्षाही ते कमी भरेल. भारताने त्या पीठाशी 1948 पासून राजनैतिक संबंध ठेवलेले आहेत. एकीकडे साडेनऊ हजार चौरस मैलांचे राज्य असून वाचा नाही. दुसरीकडे भूमी नसतानाही वाचा शाबूत. धर्माभिमानाने मी हे सांगत नाही. आकार, सैन्य आणि वैभव यांवरून सार्वभौमत्व ओळखता येत नाही, हे या दोन उदाहरणांवरून चांगले कळते, म्हणून सांगतो.

आता दुसरा प्रश्न. ही वाचा जाते कशी? महिदपूरची लढाई हे निमित्त झाले. खरे कारण त्याच्या पंधरा वर्षे आधीपासून घडत होते. येथे सत्तासमतोल ही कल्पना उपयोगी पडते. अनेक राज्ये शेजारी नांदत असता त्यांतील एक बलाढ्य होऊ लागले, तर इतरांनी एकत्र येऊन त्याला आवरावे, म्हणजे कोणाचेच स्वातंत्र्य धोक्यात येत नाही, असा त्या कल्पनेचा आशय. अठराव्या शतकाच्या अखेरीस पेशवे, शिंदे, होळकर, भोसले आणि गायकवाड हे पाचही जण एकत्र राहते, तर कंपनीला आवर घालणे अशक्य नव्हते.

घडले ते असे. 25 ऑक्टोबर 1802 रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव पळून इंग्रजांच्या आश्रयास गेले आणि 31 डिसेंबर 1802 रोजी त्यांनी वसईचा तह केला. पुढील वर्षी शिंदे आणि भोसले इंग्रजांशी लढले, तेव्हा होळकर बाजूला राहिले. 17 डिसेंबर 1803 रोजी भोसल्यांनी देवगावचा, तर 30 डिसेंबरला शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावचा तह केला. त्यानंतर 1804 साली होळकर लढण्यास उभे राहिले, तेव्हा बाकीचे तहाने बांधले गेलेले होते. यशवंतरावांचे शौर्य असामान्य होते. कर्नल मॉन्सनच्या फौजेला त्यांनी मुकुंदऱ्याच्या घाटापासून आग्र्याच्या दिशेने पिटाळले. परंतु त्यांचा मित्र भरतपूरचा राजा एप्रिल 1805 मध्ये निराळा तह करून मोकळा झाला. यशवंतराव मदतीसाठी पंजाबात रणजितसिंगांकडे गेले. तेथेही निराशाच पदरी आली. अखेर 24 डिसेंबर 1805 रोजी बियासच्या काठी राजघाट येथे त्यांनाही तह करावा लागला.

तीन वर्षांत चार तह, आणि चौघांनी चार ठिकाणी एकेकट्याने केलेले. कंपनीने एकाच वेळी सर्वांशी युद्ध केले नाही आणि एकाच वेळी सर्वांशी तहही केला नाही. 1817 साली तर हीच गोष्ट एका दिवसात दिसून आली. 5 नोव्हेंबर रोजी पेशव्यांची फौज खडकीला इंग्रजांवर चालून गेली. आणि त्याच दिवशी शिंद्यांचा ग्वाल्हेरचा तह झाला. त्यानंतर चारच दिवसांनी अमीरखानानेही स्वतःपुरता तह करून घेतला. महिदपूरच्या रणात होळकर एकटे पडले, ते असे.

येथे आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. मंदसौरच्या कागदावर दुसऱ्या बाजूस ज्याचे नाव होते, ते राज्य नव्हते. 31 डिसेंबर 1600 रोजी सनद मिळालेली ती एक व्यापारी मंडळी होती; तिचे भागीदार होते, त्यांना नफा वाटला जात असे. मागे ब्रिटिश पार्लमेंटचा अंकुश असला, तरी तह करणे, फौज पोसणे आणि राजे बसवणे ही कामे ती करत होती. जागतिक राजकारणात राज्यांखेरीज अन्य पात्रेही असतात, असे आज पाठ्यपुस्तकांत लिहिलेले असते आणि त्यात बहुराष्ट्रीय कंपन्या, जागतिक बँक, नाणेनिधी, रेड क्रॉस अशी नावे येतात. हे वाक्य इंदूरच्या मुलाला नवे वाटू नये. सर्वच संस्था कंपनीसारख्या असतात, असे मात्र मुळीच नाही. 1863 साली जिनिव्हा येथे स्थापन झालेल्या रेड क्रॉस समितीने युद्धकैद्यांची आणि जखमींची केलेली सेवा जगाला ठाऊक आहे. संस्था कोणाला जबाबदार आहे आणि तिचे हित कशात आहे, हे पाहून तिची परीक्षा करावी.

1947 साली काळाने एक विलक्षण प्रसंग आणला. हिंदी स्वातंत्र्याच्या कायद्याने 15 ऑगस्ट रोजी ब्रिटिशांची संस्थानांवरील अधिसत्ता संपली आणि तीबरोबर जुने तहही लयास गेले. मंदसौरला गेलेली वाचा कायद्याच्या दृष्टीने होळकरांना परत मिळाली. तत्पूर्वी 1942 साली यशवंतराव (दुसरे) यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना भारताच्या प्रश्नात मध्यस्थी करण्याविषयी उघड पत्र लिहिले होते. ते उघड लिहावे लागले, यातच त्यांची अडचण दिसून येते. आता मात्र निर्णय त्यांच्या हाती होता. बऱ्याच चालढकलीनंतर त्यांनी सामीलनाम्यावर सही केली आणि संरक्षण, परराष्ट्र व्यवहार व दळणवळण हे तीन विषय भारताकडे सोपवले. पुढे 1948 साली इंदूर मध्यभारतात विलीन झाले.

मग 1818 आणि 1947 यांत फरक तो काय? दोन्ही वेळा परराष्ट्र व्यवहार दुसऱ्याच्या स्वाधीन केला गेलाच ना? फरक असा की, कंपनीच्या लंडनमधील संचालक मंडळात इंदूरच्या रयतेचे कोणी नव्हते आणि असणे शक्यही नव्हते. 1951-52 च्या सार्वत्रिक निवडणुकीत मात्र इंदूरच्या हातगाडीवाल्यालाही महाराजांइतकेच एक मत मिळाले. वाचा दिली ती परक्याला नव्हे; जिच्यात आपलाही स्वर आहे, अशा मोठ्या वाचेत ती मिसळली.

आता जगाकडे वळू. संयुक्त राष्ट्रसंघाच्या 1945 च्या सनदेने सर्व सदस्यांची सार्वभौम समता मान्य केली आहे. आज 193 सदस्य आहेत. आमसभेत भारताला एक मत आणि दहा-बारा हजार वस्तीच्या नौरू बेटालाही एकच मत. परंतु शांतता आणि सुरक्षितता यांविषयी बंधनकारक निर्णय घेणारी सुरक्षा परिषद पंधरा सदस्यांची असून, त्यांतील अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन आणि फ्रान्स या पाच कायम सदस्यांपैकी एकाने जरी महत्त्वाच्या प्रश्नावर विरोधी मत दिले, तरी ठराव बारगळतो. हाच नकाराधिकार. समतेच्या तत्त्वाशी तो विसंगत आहे, यात शंका नाही. पण डिसेंबर 1961 मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरले, तेव्हा भारताविरुद्ध मांडलेल्या ठरावाला अकरांपैकी सात मते मिळाली असताही सोव्हिएत रशियाच्या नकाराधिकारामुळे तो पडला, हेही आपण लक्षात ठेवले पाहिजे. ज्या शस्त्राने आज आपले रक्षण होते, तेच उद्या आपल्यावर चालते.

बळाऐवजी कायद्याने निवाडा करण्याचे ठिकाण म्हणजे हेगचे आंतरराष्ट्रीय न्यायालय. तेथे आपल्या इतिहासाचा एक कागद वाचला गेला आहे. दादरा आणि नगरहवेली 1954 साली मुक्त झाल्यावर, तेथे जाण्यासाठी भारतातून वाट मिळावी, म्हणून पोर्तुगालने 1955 मध्ये दावा लावला. त्याचा आधार होता 1779 साली पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात झालेला तह. बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे देण्याचे पेशव्यांनी त्यात कबूल केले होते. गावे दिली, म्हणजे सार्वभौमत्व दिले की केवळ महसूल दिला? जहागीर आणि सरंजाम या शब्दांचा अर्थ काय? ज्या शब्दांचा खल पुण्याच्या फडात होत असे, त्यांचा खल हेगच्या न्यायासनासमोर झाला. 12 एप्रिल 1960 च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, त्या तहाने सार्वभौमत्व दिलेले नव्हते. मात्र पुढे ब्रिटिशांनी त्या गावांवरील पोर्तुगीज सत्ता प्रत्यक्षात मान्य केली असल्याने खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता वाटेचा हक्क पोर्तुगालला होता. सशस्त्र दलांना आणि शस्त्रांना तो नव्हता. भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, असाही निर्णय झाला. पावणेदोनशे वर्षांनंतरही तहातील एका शब्दावर राष्ट्रांचे हक्क तोलले जातात, ते असे.

श्रोतेहो, आपल्या राज्यघटनेचे एक्कावन्नावे कलम आंतरराष्ट्रीय कायदा आणि तहांची बंधने यांविषयी आदर वाढवण्यास शासनाला सांगते. पण तह करणे हे आपल्याकडे शासनाचे काम आहे. सहीपूर्वी संसदेची संमती घेतलीच पाहिजे, असे बंधन नाही. त्यामुळे जागरूक राहण्याचे काम आपल्यासारख्या वाचकांवर अधिकच येते. यापुढे एखाद्या तहाची, कर्जाची वा व्यापारी कराराची बातमी वाचाल, तेव्हा तीन प्रश्न विचारावेत, अशी माझी विनंती आहे. या कराराने कोणाला कोणाशी बोलण्याची बंदी होत आहे? शेजाऱ्यांपैकी कोण एकेकटा गाठला जात आहे? आणि उद्या वाद उपस्थित झाला, तर शब्दांचा अर्थ कोण लावणार? मंदसौरला त्या दिवशी बारा वर्षांच्या आतबाहेरचा एक मुलगा गादीवर होता आणि त्याच्या वतीने हे प्रश्न विचारण्याची सवड कोणाला नव्हती. आपल्याला ती आहे.